नाखवांची बादली

नाखवा आमच्याकडे पहिल्यांदा आले ते वन बीएचकेचा भाव विचारायला.

यात त्यांची काही चूक नव्हती. नवी मुंबईत ज्या इमारतीच्या नावात 'रेसिडेन्सी' येतं तिथे फ्लॅट असतात, पार्किंगवरून भांडणं असतात आणि गेटवर वॉचमन असतो. आमच्याकडे त्यातला फक्त वॉचमन होता. बाकी होता तो नेरूळच्या मागे, खाडीला टेकलेल्या गावातला एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना. आमच्या संचालिकाबाईंनी तो आतून पांढराशुभ्र करून घेतला होता आणि दारावर पितळी अक्षरं लावली होती, 'सागरवारसा आर्टिस्ट रेसिडेन्सी'. मी तिथली व्यवस्थापक. राहायला नेरूळच्याच एका सोसायटीत, खाडीपासून दहा मिनिटांवर, आणि तोवर माझा खाडीशी संबंध ओहोटीला वास येतो म्हणून खिडक्या लावून घेण्यापुरता.

"इथे फ्लॅट नाहीत, काका," मी म्हटलं. "इथे कलाकार येऊन राहतात. तीन-तीन महिने. या भागातल्या दर्यावर्दी पूर्वजांवर, जुन्या कारागिरीवर काम करतात."

"भारं किती घेता?"

"भाडं घेत नाही. उलट आम्हीच त्यांना मानधन देतो."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मी त्यांना. वर कडक इस्त्रीचा पांढरा फुलशर्ट, खाली हाफपँट, पाय अनवाणी. गावात त्यांची स्वतःची तीन मजली बिल्डिंग होती आणि तिच्यात चार भाडेकरू होते. "मना वाटलं, आमची भारेकरी पलवाया आलाव," ते म्हणाले. "असं असल तं रावा खुशाल." आणि जागा आपणच दिल्यासारखे मान डोलावून निघून गेले.

हे नाखवा, म्हणजे होडीचे मालक, आणि गावातली शेवटची लाकडी होडी त्यांची, हे बाईंना कळलं तेव्हा त्या अक्षरशः त्यांच्या मागे धावल्या. बाईंचे स्वतःचे पूर्वज कुठले ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण दुसऱ्यांच्या पूर्वजांबद्दल त्यांना मोठा कळवळा. आठवड्याभरात नाखवा आमचे 'वारसा मार्गदर्शक' झाले. गळ्यात ओळखपत्र आलं. ते त्यांनी शर्टाच्या खिशात घालून ठेवलं, कारण गळ्यात पट्टा गुरांच्या असतो असं त्यांचं मत होतं.

त्यांच्या हातात घड्याळ होतं. मुलानं दिलेलं, आणि बंद. ते सगळा दिवस भरती-ओहोटीवर चालवत. हजेरीच्या वहीत आल्याच्या वेळेखाली 'भरती' आणि गेल्याच्या वेळेखाली 'ओहोटी' असं मला लिहायला लावत, आणि मी काही बोलले तर म्हणत, "म्याडम, तुमचं घड्याल चुकंल, तिचं चुकत नाय." तिचं रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकत असे. बाईंनी सोमवारी अकराची मीटिंग लावली की नाखवा एका सोमवारी सकाळी सातला येऊन बसलेले असत आणि पुढच्या सोमवारी दुपारी एकला. शेवटी मीच मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक उतरवून घेतलं आणि मीटिंगा त्याप्रमाणे लावायला लागले. बाईंना वाटलं, मी भारावून गेले आहे. मला फक्त मीटिंग उरकायच्या होत्या.

कॉफीच्या मशीनवर मात्र त्यांचा जीव. दिवसाला पाच कप प्यायचे आणि प्रत्येक कपाला नावं ठेवायचे.

मार्गदर्शक म्हणून त्यांचं मुख्य काम कलाकारांना पूर्वजांच्या गोष्टी सांगणं. ते त्यांनी इतकं मन लावून केलं की आमच्या कॅटलॉगमध्ये त्यांचे चार पणजोबा छापून आले. एका मुलीच्या चित्रांत पणजोबा गलबतातून बसऱ्याला जाऊन खजूर आणतात. दुसरीच्या विणकामात ते मलबारहून मिरी आणतात. तिसऱ्याच्या व्हिडिओत ते वादळात दर्याला मिळतात, आणि हातकागदावर काम करणारा जो पुण्याचा तरुण होता त्याच्या नकाशांत तर ते झांजिबारला पोचून तिथे दुसरं लग्न करतात. मी एकदा त्यांना बाजूला घेऊन विचारलं की नाखवा, हे सगळं एकाच माणसानं कसं केलं. "पनजोबा फिरता होता," ते म्हणाले आणि कॉफी घ्यायला गेले.

जाळं विणायच्या कार्यशाळेत त्यांनी कहर केला. कलाकारांना ताग हवा होता, सुती दोरी हवी होती. नाखवा नायलॉनचं रीळ घेऊन आले आणि म्हणाले, "नायलॉनच बरं. कुजत नाय." बाईंचा चेहरा उतरला. तरी सगळ्यांनी दिवसभर बसून हातभर जाळी विणली, गाठी शिकले, फोटो काढले. संध्याकाळी नाखवांनी सगळ्यांच्या जाळ्या गोळा केल्या, एकेक गाठ सोडवली आणि दोरी पुन्हा रिळावर गुंडाळून घरी नेली. दुसऱ्या दिवशी त्या कागदवाल्या तरुणानं 'विणणं आणि विसर्जन' यावर अर्धा तास भाषण केलं. नाखवांना विचारलं तर ते म्हणाले, "गाठी ढिल्या मारल्या होत्या सगल्यांनी. दोरी फुकट कशाला घालवायची?"

आता होडीबद्दल सांगायला हवं, कारण खरा प्रश्न तिचाच होता.

त्या गावात रीत अशी की नारळी पुनवेला सोनेरी नारळ वाजतगाजत जेट्टीवर येतो. ज्याची होडी त्या दिवशी पाण्यात असेल तो नाखवा. तो पुढच्या रांगेत उभा राहतो आणि नारळाला हात लावतो. बाकी सगळा गाव मागे, मग त्यात बिल्डर असो की नगरसेवकाचा मेहुणा. एक वर्ष होडी पाण्यात गेली नाही की माणूस मागच्या गर्दीत जातो, आणि मग गाव त्याला नावानं हाक मारायला लागतं. आदल्याच वर्षी दोन म्हातारे असे मागे गेले होते. पुढच्या रांगेत उरले सात. त्यांतल्या सहांच्या होड्या फायबरच्या. फायबरच्या होडीला नाखवा प्लॅस्टिकची परात म्हणत.

त्यांची होडी सागवानी, त्यांच्या वडिलांनी बांधलेली. दर पावसाळ्यात ती किनाऱ्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये असायची. त्या वर्षी शेड पाडून तिथे जॉगिंग ट्रॅक झाला. सकाळी लोक पोट कमी करायला येतात म्हणून एका होडीचं छप्पर गेलं. बाईंना ही संधी वाटली. म्हणाल्या, "आमच्या दालनात ठेवा ना, नाखवा. इट विल बी द हार्ट ऑफ द शो. पुनवेला परत पाण्यात सोडू, मोठा कार्यक्रम करू."

नाखवांच्या मुलाला ही कल्पना विशेष आवडली नाही. तो रबाळ्याला एका कारखान्यात सुपरवायझर होता. "मॅडम, ती होडी घ्याच तुम्ही, परत देऊच नका," तो मला म्हणाला. "आम्हाला नुसतं टेन्शन हाय तिचं. बाबांना किती वेळा बोललो, बिल्डिंगचे मालक आहात, मागच्या रांगेत उभं राहिलात तर काय झिजणार हाय?"

नाखवा तिथेच होते. "बिल्डिंगवाले गावात तीनशे हायत," ते म्हणाले. "नाखवा सात." आणि त्यांनी होडी दिली.

ज्येष्ठात ती दालनात आली. तिच्यावर दिवे सोडले, खाली लाकडी ठोकळे, समोर पाटी: 'नाव. सागवान. काळ अज्ञात.' नाखवांनी पाटी माझ्याकडून वाचून घेतली आणि म्हणाले, अज्ञात कसा, माझ्या मोठ्या आत्याचं लग्न झालं त्या वर्षी बांधली. मी ते बाईंना सांगितलं. पाटी तशीच राहिली, कारण अज्ञातात जे वजन असतं ते आत्याच्या लग्नात नसतं.

आणि दुसऱ्या दिवसापासून ती बादली सुरू झाली. लाल, प्लॅस्टिकची, कडी गेली म्हणून दोरी बांधलेली. दर भरतीला नाखवा खाडीचं पाणी भरून आणत, दालनाच्या दाराशी पाय पुसत आणि मग ओंजळीनं होडीच्या फळ्यांवर पाणी शिंपत. आतून, बाहेरून, बुडाशी. मग एक गोणपाट भिजवून आत पसरून ठेवत. "लाकराला तान लागते," ते मला पहिल्या दिवशीच म्हणाले होते. "खारीचं पानीच लागतं. गोरं पानी दिलं तं कुजंल." मी हो म्हटलं. लाकडाची तहान, खारं पाणी, गोडं पाणी, मी दिवसभर अशा गोष्टींना हो म्हणत असे.

पाहायला येणाऱ्यांनी मात्र या प्रकाराचं सोनं केलं. नाखवा बादली घेऊन आत शिरले की सगळे श्वास रोखून बाजूला होत. मोबाईल निघत. एका बाईंच्या डोळ्यांत तर पाणी आलं. कुठल्याशा वर्तमानपत्रात 'वृद्ध कलावंताचा जलसंस्कार' असा फोटो आला तेव्हा संचालिकाबाईंनी ठरवलं की याची रोजची वेळ जाहीर करायची, सकाळी अकरा. नाखवा म्हणाले, अकराला चालंल, पण भरतीला सांगा तसं. सांगणार कोण, हा प्रश्न निकालात निघाला नाही.

हे असंच चाललं असतं. पण त्या पुण्याच्या तरुणाचे झांजिबारचे नकाशे होडीच्या मागच्याच भिंतीवर लागले होते. हातानं केलेला कागद. आषाढात तो कडांनी वळायला लागला आणि एका नकाशावर, बरोबर पणजोबांच्या दुसऱ्या लग्नाच्या जागी, बुरशीचा हिरवा ठिपका आला. तरुण रडकुंडीला आला. ते त्याचं तीन महिन्यांचं काम होतं आणि त्याचं दुःख खोटं नव्हतं, हे मी आजही म्हणेन. त्यानं दालनाचा एसी अठरावर आणायला लावला, हवा कोरडी करणारं यंत्र आणवलं आणि बाईंना सांगितलं, पाणी बंद झालं नाही तर मी काम उतरवून निघून जातो.

बाईंनी नेहमीप्रमाणे निर्णय माझ्यावर सोपवला. कागदाला कोरडं हवं, लाकडाला ओलं. मी कागदाच्या बाजूनं गेले. त्याचं कारण एवढंच की कागदवाला तक्रार लेखी करत होता आणि होडी करत नव्हती.

'दालनात पाणी आणण्यास सक्त मनाई आहे' अशी नोटीस मी स्वतः टाइप केली आणि लाल बादली स्टोअररूममध्ये कुलपात ठेवली. तिला चिठ्ठीही लावली, 'जप्त'. व्यवस्थापनात अशा चिठ्ठ्यांनी बरं वाटतं.

नाखवांनी नोटीस वाचून घेतली. "किती दिस?"

"पुनवेपर्यंत. अठरा दिवस."

ते होडीजवळ गेले, तिच्या बुडावर तळवा ठेवून उभे राहिले. "मानसाला तान लागली तं बोंबलतं," ते म्हणाले. "लाकूर बोंबलत नाय, म्याडम. फाटतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. मला वाटलं, समजूतदार आहेत. सुटले.

दुसऱ्या दिवशी भरतीला नाखवा नखशिखांत भिजून आले. इस्त्रीचा शर्ट अंगाला चिकटलेला, केसांतून पाणी ओघळतंय, चिखलाचा वास. ते सरळ खाडीत बुडी मारून आले होते. वॉचमन बघत राहिला. नाखवा आत गेले, होडीत चढले आणि तिच्या तळाशी उताणे झोपले. मग कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर. मी धावत गेले तर म्हणाले, "पानी आनला नाय मी. कागदात काय लिवलंय? पानी आनू नका. मी आलोय नुसता."

चार दिवस हे चाललं. गर्दी दुप्पट झाली. कागदवाल्याचं यंत्र रात्रंदिवस चालू. पाचव्या दिवशी मी नोटीस सुधारली, 'ओल्या कपड्यांनी प्रवेश नाही'. वॉचमनला सांगून दारातच शर्ट चाचपायला लावला. ज्या माणसानं आम्हाला गावात राहायची परवानगी दिली होती त्याच्या शर्टाला हात लावायला मी एका वॉचमनला सांगितलं, आणि त्या दिवशी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं.

त्यानंतर नाखवा येऊन होडीशेजारच्या स्टुलावर कोरडे बसून राहत. कॉफीही सोडली होती. दुपारी दालन रिकामं असलं की मधूनच 'टक्' असा आवाज व्हायचा. लहानसा, कुणी बोट मोडावं तसा. बाई म्हणाल्या, जुनी बिल्डिंग आहे. दर आवाजाला नाखवांचे डोळे मिटायचे. मला कळत होतं आवाज कुठून येतोय. मी ऑफिसात जाऊन दार लावून घ्यायचे.

पुनवेला वाशी मार्केटचा एक भाजीचा टेम्पो सांगून होडी जेट्टीवर नेली. बँड, पताका, आमचे पाहुणे, त्यांच्यासाठी खुर्च्या, मागे सगळा गाव. सहा फायबरच्या होड्या रंगवून, झेंडूच्या माळा घालून उभ्या होत्या. दुपारची भरती. आठ-दहा जणांनी होडी उचलून पाण्यात सोडली, नाखवा आत चढून बसले. बाईंनी माईक घेतला. "आज पूर्वजांची नौका पुन्हा एकदा..." एवढं होईपर्यंत नाखवांच्या घोट्यापर्यंत पाणी आलं होतं.

सगळ्या सांधांतून पाणी येत होतं. जिथे दोन फळ्या एक दिसायच्या तिथे आता बोट गेलं असतं. बाई बोलत राहिल्या, कारण त्यांची पाठ खाडीकडे होती. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. मुलानं काठावरून हाक मारली, "बाबा, उठा." नाखवा उठले नाहीत. दोन माणसं पाण्यात उतरली तर त्यांनी हातानं थांबवलं. होडी काठोकाठ भरून पाण्याच्या बरोबरीला आली, आणि ते छातीपर्यंत पाण्यात आडव्या फळीवर ताठ बसून राहिले. पाठीमागे कुणीतरी हसलं. आमच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं असंच आहे.

नारळ आला. पुढच्या रांगेतले सहाही नाखवा जेट्टीच्या काठाशी गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी नारळ खाली, पाण्यापर्यंत नेला. नाखवांनी बसल्या जागी त्याला हात लावला. मग होडी दोरीनं खांबाला बांधली आणि चिखल तुडवत एकटे घरी गेले. माझ्या बाजूनं गेले, माझ्याकडे पाहिलं नाही.

गावात त्या संध्याकाळी बैठक बसली. पुनवेला बुडालेली होडी पाण्यात गेलेली धरायची की नाही? खल होऊन ठरलं की आठ दिवसांत तरंगली तर धरायची. नाही तरंगली तर पुढच्या वर्षी त्यांनी मागे उभं राहायचं. मुलानं मला हे फोनवर सांगितलं. वर म्हणाला, "जाऊ दे मॅडम, एकदाची कटकट गेली." पण फोन त्यानं लगेच ठेवला नाही. उलट विचारलं, "तुमच्याकडे ते लाकडाचे एक्स्पर्ट असतात ना कोण?" आमच्याकडे नव्हते. आमचे एक्स्पर्ट नाखवाच होते.

कागदवाल्यानं बुडण्याचं चित्रीकरण केलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याला त्यावर परदेशातून बोलावणंही आलं. बाई खूश होत्या. मी स्टोअररूम उघडली, बादलीवरची चिठ्ठी फाडली आणि मोबाईलमध्ये ओहोटीची वेळ बघून सकाळी आठला खाडीवर गेले.

पाणी पार मागे हटलं होतं. खांबापाशी उघड्या चिखलात होडी बसलेली, आणि आत काठोकाठ गढूळ पाणी. म्हणजे गेली, मला वाटलं. नाखवा कठड्यावर बसून जाळं दुरुस्त करत होते. दाढी वाढलेली, डोळे लाल. मी रस्ताभर जुळवत आणलेली वाक्यं सुरू केली. की नाखवा, चूक माझी होती, मी ऐकायला हवं होतं, मला फार...

"बादली आनली?"

"आणली."

"मंग उतर खाली, बाय."

तोवर त्यांनी मला कधी म्याडमशिवाय हाक मारली नव्हती. मी सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळून चिखलात उतरले.

"काय दिसतं तुला?" त्यांनी वरून विचारलं.

"पाणी भरलंय. सगळी भरलीय."

"आनि बाहेर?"

बाहेर चिखल होता. पाणी फक्त होडीच्या आत होतं. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला.

"सुकली होरी असंच बुरवून ठेवायची," ते उतरत म्हणाले. "पानी पिते, फली फुगते, सांध मिटते. पुनवेची पयली ओहोटी लागली तवा सगलं पानी गलून गेलतं. दुसऱ्या दिसी अर्धं ऱ्हायलं. आज बग. आतलं बाहेर जात नाय, म्हंजे बाहेरचं आत येनार नाय."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही कुणाला? लोक हसले तुम्हाला."

"कोनी इचारलं?" ते म्हणाले. मग होडीच्या काठावरून हात फिरवला. "आनि मना तरी कुठं ठाव होतं. एक फली पार गेलती. आता सांगून ठेवायचं नि मंग नाय फुगली तर? तीन रात झोपलो नाय, बाय."

आम्ही पाणी उपसलं. ते एका डब्यानं, मी लाल बादलीनं. मध्येच मी विचारलं, "नाखवा, पणजोबा खरं कुठे गेले होते?"

"कुठं नाय. मीठ न्यायचा मुंबयला. सकालचा जायचा, भरती लागली की परत." त्यांनी डबा रिकामा केला. "पयल्या पोरीला मीठच बोललो होतो. तिचं त्वांड इतकंसं झालं. मना वाईट वाटलं, म्हनून बसरा."

तळ दिसायला लागला तसं मला बाहेरच्या अंगानं एका सांधेतून निघणारी पाण्याची बारीक धार दिसली. मी म्हटलं, ही राहिलीय, गळत्या नळाला लावतात तो राखाडी गोळा आणते हार्डवेअरमधून, लगेच बसेल. नाखवांची परंपरा काही सोवळी नव्हती, तो गोळा त्यांनी होडीला इतर दहा ठिकाणी लावलेला मी पाहिला होता.

"ती नाय भरायची," ते म्हणाले.

"का?"

"माज्या बापानं पन नाय भरली. जी होरी गलत नाय तिला कोन बगाया येतं? ते फायबरवाले बग, पंधरा-पंधरा दिस फिरकत नायत. हिला रोज उपसाया लागतं. रोज यायला लागतं." त्यांनी त्या धारेवर अंगठा ठेवला आणि काढला. "पोऱ्या माजा आता नाय येत. मी गेलो की येल. नाय आला तं बुरंल, त्याला ठाव हाय."

दुपारी भरती चढली आणि होडी चिखलातून सुटून उचलली गेली. नाखवांनी खांबाची दोरी सोडली, जेट्टीला एक वळसा घातला आणि परत आणून बांधली. पाहायला मी होते, आणि जॉगिंग ट्रॅकवरचा एक गृहस्थ, जो कानात गाणी लावून चालत होता.

पुढच्या दोन नारळी पुनवांना नाखवा पुढच्या रांगेत उभे होते. तिसरीच्या आधी ते गेले. चार दिवसांच्या तापात. मी खूप रडले. इतकं आपल्याला वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

रेसिडेन्सी त्याआधीच बंद झाली होती. बाईंना आता डोंगरातले पूर्वज मिळाले आहेत, तिकडे त्यांनी एक जुनी शाळा पांढरी करून घेतली आहे असं ऐकते. बर्फाच्या कारखान्यात बँक्वेट हॉल आहे. मी नेरूळच्या एका कॉलेजच्या ऑफिसात लागले. तिथे मी नोटिसा कमी काढते.

नाखवांचा मुलगा रोज रबाळ्याची शिफ्ट पकडायच्या आधी खाडीवर जाऊन होडी उपसतो. कुरकुरत उपसतो. मी त्याला एकदा मुद्दाम म्हटलं, अरे, ती एक सांध भरून टाक ना, सुटशील. तो म्हणाला, "भरली असती मॅडम, कधीच. पण बाबा बोलून गेलेत." गेल्या पुनवेला कंपनीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो पुढच्या रांगेत उभा होता आणि लोक त्याला नाखवा म्हणत होते. त्याला ते आवडलं नाही असं त्यानं मला तीनदा सांगितलं.

काल त्याचा फोन आला. रविवारी बायकोच्या माहेरी लग्न आहे, दोन दिवस जावं लागेल. "फायबरवाल्यांना सांगितलं तर ते हसतील," तो म्हणाला. "ओहोटी सव्वासहाला हाय मॅडम. तुम्ही जाल का?"

मी हो म्हटलं. नवरा पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "तुझा काय संबंध त्या होडीशी? आपले पूर्वज तर घाटावरचे."

मी उठून बाल्कनीत गेले. लाल बादली माझ्याकडेच राहिली होती, ती मी धुऊन दाराशी आणून ठेवली. शेवटी तिला कुलपात मीच ठेवलं होतं.